नळाला बोलतं करताना: व्होकोडर पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

गणपतीच्या देखाव्यात यंदा चाळीचा जुना सामायिक नळ बोलणार, असं मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. घरात कॉम्प्युटर आहे, त्यावर गाणी बनवतो, म्हणजे नळाचा आवाजही मीच काढणार. परळच्या आमच्या चाळीत असल्या कामाला नाही म्हणायची पद्धत नाही. नळाचं पहिलंच वाक्य लिहून हातात दिलं गेलं: "पहाटे चारला उठून माझ्यापाशी हंडे लावायचात, आठवतंय का?" आवाज धातूचा, यंत्राचा हवा, पण शब्द न् शब्द कळला पाहिजे. मंडपात पोरं कलकलत असतात, बाहेर ढोल वाजत असतो, तिथे माणसांना कान देऊन ऐकायला सांगता येत नाही.

पहिला प्रयत्न ऐकून शेजारच्या काकांनी विचारलं, "अरे, हा नळ आहे की डास?"

त्या डासाचा नळ होईपर्यंत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. सॉफ्टवेअर कुठलंही असो, क्रम हाच राहतो. आणि सगळ्यात जास्त वेळ बटणं फिरवण्यात घालवू नका. व्होकोडर म्हणजे आपल्या बोलण्याचा आकार सिंथेसायझरच्या सुराला देणारं साधन. त्याचं निम्मं काम प्लगइन (सॉफ्टवेअरमधला इफेक्ट) उघडण्याआधी झालेलं असतं.

आधी आत काय चालतं ते

गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिथून एक पाइप खाली आलाय आणि त्याला ओळीने सोळा तोट्या आहेत, असं समजा. पहिल्या तोटीतून फक्त खर्जातला आवाज जातो, शेवटच्या तोटीतून फक्त अगदी वरचा, सळसळता. मधल्या तोट्या मधल्या पट्ट्यांच्या. टाकीतलं पाणी म्हणजे सिंथेसायझरचा सूर. त्याला कॅरियर म्हणतात. तोट्या उघडझाप करणारे हात म्हणजे तुमचा आवाज, तो मॉड्युलेटर. प्रत्येक तोटी म्हणजे एक बँड. तुम्ही 'आ' म्हणालात की एका ठरावीक मांडणीने तोट्या उघडतात, 'ई' म्हणालात की वेगळ्या. बाहेर जे येतं ते पाणी असतं, तुमचा आवाज नाही. तुमच्या तोंडाने फक्त त्याला आकार दिलेला असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सूर सिंथचा असल्याने तुम्ही बेसूर असलात तरी काही बिघडत नाही. माझं उदाहरण आहेच. दुसरी, टाकीत ज्या पट्टीचं पाणीच नाही तिथली तोटी कितीही उघडा, थेंब पडणार नाही. नवशिक्यांचे निम्मे घोटाळे या दुसऱ्या गोष्टीतून होतात.

ऑटोट्यून हे वेगळं प्रकरण. त्यात तुमचाच आवाज राहतो, फक्त सूर ओढून जागेवर बसवला जातो. टॉकबॉक्समध्ये वाद्याचा आवाज नळीने थेट तोंडात सोडतात आणि तोंड हलवून त्याला आकार देतात. कानाला तिन्ही जवळजवळ वाटतात, म्हणून गल्लत होते.

व्होकोडर मुळात संगीतासाठी बनलाच नव्हता. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी १९२८ मध्ये यावर काम सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेतून कमी जागेत बोलणं पाठवता यावं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या गुप्त संभाषणासाठी 'सिगसॅली' नावाची अवाढव्य यंत्रणा वापरली गेली, तिच्या पोटातही व्होकोडरच होता. वाद्य म्हणून तो रुळला तो १९७० च्या दशकात, सिंथेसायझरवर संगीत करणाऱ्या वेंडी कार्लोस, जर्मन बँड क्राफ्टवेर्क वगैरे मंडळींमुळे. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की हे यंत्र जन्मापासूनच आवाजातलं बरंचसं टाकून देतं. बोलणं समजायला लागेल तेवढं ठेवायचं आणि बाकी सोडायचं. डडलींनी त्यात दोन उगम ठेवले होते: एक स्वरांसाठी गुणगुणणारा आणि दुसरा 'स', 'फ' अशा श्वासाच्या अक्षरांसाठी सळसळणारा. हा दुसरा उगम विसरू नका. मराठीचं सगळं घोडं तिथेच अडतं.

पहिली पायरी: वाक्य तोंडात घोळवून बघा

माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नळ म्हणत होता, "पहाटे टारला उठून माझ्यापाशी हंडे लावायतात, आटवतंय का?" म्हणजे नळ दूध आटवत बसला होता.

'ट' आणि 'ठ' यांच्यात फरक काय? एक फुंकर. 'क-ख', 'प-फ', 'त-थ' या सगळ्या जोड्यांचं तेच. ती फुंकर म्हणजे सूर नसलेली हवा, आणि सिंथच्या पाण्यात हवा नसते. 'च'ची गंमत आणखी पुढची. वरच्या वाक्यात दोन्ही 'च' आहेत, 'चारला'मधला तालव्य आणि 'लावायचात'मधला दंत्य. दोन्हींचा जीव त्यांच्या घासण्यात आहे. घासणं गेलं की एक 'ट'कडे घसरतो, दुसरा 'त'कडे. स, श यांचं तर अख्खं अंगच हवेचं.

म्हणून वाक्य आधी मोठ्याने, नेहमीपेक्षा सावकाश म्हणा. व्यंजनं जरा अतीच वाटतील इतकी ठसठशीत काढा, शाळेच्या नाट्यवाचनात बाई काढून घ्यायच्या तशी. स्वर ताणू नका. गाण्यासारखं गोड म्हणायचा मोहही नको, कारण तुमच्या गोडव्याचा इथे काहीच उपयोग नाही. एखादा शब्द काही केल्या कळत नसेल तर सरळ बदला. आमच्या दुसऱ्या वाक्यात 'खळखळ' होतं, त्याचं 'कळकळ' झालं आणि नळ एकदम समाजसेवक वाटायला लागला. तो शब्द मी काढूनच टाकला.

दुसरी पायरी: रेकॉर्डिंग

मुंबईत स्वच्छ रेकॉर्डिंग म्हणजे वेळेचा प्रश्न. रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान लोकल जवळजवळ थांबलेली असते, रिक्षा-टॅक्सी विरळ झालेल्या असतात. मी आधी शहाणपणा करून सकाळी अकराला रेकॉर्ड केलं. चार खोल्या पलीकडे कुणाचा तरी कुकर लागला होता. साध्या रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी जेमतेम जाणवत होती. व्होकोडरमधून मात्र ती अख्खी सुरावट होऊन आली, कारण शिट्टीने वरच्या दोन-तीन तोट्या सताड उघडल्या आणि सिंथ तिथून धो धो वाहिला. मॉड्युलेटरमधला प्रत्येक आगंतुक आवाज असाच सुरात गातो: पंखा, कुत्रा, पाऊस, सगळे.

तेव्हा पंखा बंद. घाम येईल, येऊ द्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी बसा, पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित तिरका ठेवा, म्हणजे 'प', 'फ'ची हवा थेट त्यावर आदळणार नाही. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा शब्दही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असेल तर अनेकदा विजेची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती गुणगुण ५० आणि त्याच्या पटीत येते आणि खालची तोटी कायम ठिबकत राहते. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो.

सिंथ वाजवत वाजवत रेकॉर्ड करायचं असेल तर हेडफोन हवाच. नाहीतर सिंथ माइकमध्ये शिरून स्वतःच्याच तोट्या उघडत बसतो.

तिसरी पायरी: आवाजाची मशागत

मॉड्युलेटर कुणाला ऐकवायचा नसतो, त्यामुळे त्याला देखणं करण्यात वेळ घालवू नका. त्याला फक्त कामाचा करायचा.

इक्वलायझरने १०० हर्ट्झच्या खालचं कापा. ३ ते ६ हजार हर्ट्झचा भाग चारेक डेसिबल उचला. व्यंजनांची ओळख बरीचशी तिथे आहे. मग लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारा कॉम्प्रेसर जरा जोरात लावा, ४:१ किंवा त्याहून जास्त. बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज पडतो आणि व्होकोडरमध्ये ते शेवटचे शब्द गायबच होतात. शेवटी गेट, म्हणजे दोन शब्दांच्या मधली खोलीची घरघर तोट्यांना हात लावणार नाही.

गाण्याच्या मिक्सिंगची सवय असलेले इथे हटकून डीएसर, म्हणजे 'स'ची टोच कमी करणारा इफेक्ट, लावतात. तो लावू नका. एरवी टोचणारा 'स' इथे आपल्याला हवा आहे, तेवढाच तर मुश्किलीने हाती लागतो.

चौथी पायरी: टाकी भरा

कॅरियरसाठी सॉ वेव्ह घ्या. करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी ही लहर मूळ सुराच्या खालपासून वरपर्यंत सगळ्या पटींमध्ये भरलेली असते. साइन वेव्हमध्ये एकच सूर असतो, म्हणजे सोळापैकी एका तोटीला पाणी. बासरीसारखा मऊ आवाजही याच कारणाने फसतो.

आता डासाची गोष्ट. मी कॅरियर ८८० हर्ट्झवर वाजवला होता, कारण मला नळ किनरा हवा होता. ८८० च्या सुरात ८८०, १७६०, २६४० अशाच जागी पाणी असतं. स्वर ओळखू येतात ते मुख्यतः ३०० ते ३००० हर्ट्झच्या भागात, आणि तिथल्या बहुतेक तोट्या कोरड्या. तोच सूर तीन सप्तकं खाली, ११० हर्ट्झवर आणला की दर ११० हर्ट्झवर पाणी मिळतं. शब्द एकदम उघडे पडले. कॅरियर खाली ठेवा. किनरा परिणाम हवा असेल तर तो नंतर फॉर्मंटच्या (आवाज बारीक-जाड करणाऱ्या) बटणाने आणता येतो.

सिंथमध्ये दोन ऑसिलेटर (सूर काढणारे भाग) घ्या, दोन्ही सॉ, एक दुसऱ्यापेक्षा सात-आठ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हललेला, म्हणजे आवाज भरदार होतो. फिल्टर पूर्ण उघडा. सस्टेन पूर्ण, म्हणजे धरलेला सूर तसाच टिकतो. रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) काही नको. आणि त्यातच थोडा नॉइज मिसळा. हीच ती हवा. विकत सिंथ घ्यायची गरज नाही, व्हायटलची मोफत आवृत्ती या कामाला पुरून उरते.

एकच सूर धरला की सपाट यंत्रमानव मिळतो. पांढरी एक, काळी दोन आणि पांढरी पाच अशी तीन बोटं धरली की उदास समूहगान. नळाला मी यातलं काही शेवटी ठेवलं नाही. भजनी मंडळाच्या बुवांची पेटी आणली आणि खर्जातला सा-प चाळीस सेकंद धरून रेकॉर्ड केला. पेटीच्या पितळी पट्ट्यांचा आवाज पटींनी गच्च भरलेला असतो, सॉ वेव्हच्या फारसा मागे नाही. वर भात्याची फुसफुस फुकट मिळते. भाता हाताचा, म्हणून पाणी कमी-जास्त दाबाने येतं, आणि आमच्या नळाचा स्वभाव नेमका तसाच होता. घरात तानपुरा असेल तर तोही करून बघा. जवारी नीट लागलेली असली की वरच्या तोट्यांनाही पाणी पोचतं.

पाचवी पायरी: दोघांची गाठ

पैसे न घालता आजच करून बघायचं असेल तर ऑडॅसिटी घ्या. आवाज एका मोनो ट्रॅकवर ठेवा. खाली दुसऱ्या मोनो ट्रॅकवर 'जनरेट' मेनूतल्या 'टोन'मधून सॉटूथ लहर, ११० हर्ट्झ, आवाजाइतक्याच लांबीची बनवा. वरच्या ट्रॅकच्या मेनूतून दोन्हींचा मिळून एक स्टिरिओ ट्रॅक करा. आता डावीकडे आवाज, उजवीकडे कॅरियर. उलटं झालं तर निकालही उलटाच येतो. तो ट्रॅक निवडून इफेक्टच्या यादीतून व्होकोडर लावा. व्हाइट नॉइजचा आकडा शून्यावर असतो, तो दहा-पंधरा टक्के करा. बाकी पहिल्या वेळी आहे तसंच राहू द्या.

एबलटनमध्ये व्होकोडर आवाजाच्या ट्रॅकवर टाकायचा, कॅरियरच्या जागी 'एक्स्टर्नल' निवडायचं आणि खालच्या यादीतून सिंथचा ट्रॅक दाखवायचा. सिंथचा स्वतंत्र आवाज मात्र बंद करा, नाहीतर व्होकोडरच्या मागे तो सतत भोंग्यासारखा वाजत राहतो आणि आपल्याला वाटतं इफेक्ट लागलाच नाही. एफएल स्टुडिओवाल्यांसाठी व्होकोडेक्स आहे. आवाज आणि सिंथ मिक्सरच्या दोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, दोन्ही व्होकोडेक्सच्या ट्रॅककडे साइडचेन करा (म्हणजे त्याला आतून पुरवा), मास्टरकडे जाणारी त्यांची वाट तोडा आणि प्लगइनमध्ये मॉड्युलेटर कोण, कॅरियर कोण ते नेमून द्या. लॉजिकमध्ये ईव्हीओसी २० पॉलिसिंथला सिंथ आतच मिळतो. त्याच्या साइडचेनमध्ये फक्त आवाजाचा ट्रॅक निवडायचा आणि सूर वाजवायचे. सूर वाजवले नाहीत तर शांतता. त्या शांततेत माझी एक संध्याकाळ गेली आहे.

सहावी पायरी: बटणं

बँडची संख्या आधी. आठ-दहा ठेवलेत तर जुना, घोगरा यंत्रमानव मिळतो, शब्द अर्धे कळतात. सोळा ते वीस ही बोलण्यासाठी चांगली जागा. चाळीसवर शब्द स्वच्छ येतात, पण मग यंत्राचा कडवटपणा उतरतो. ऑडॅसिटीचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत, तिथे कानावर विसंबा.

यानंतर रिलीज. तोटी बंद व्हायला किती वेळ लागतो, ते हे बटण ठरवतं. माझ्याकडे ते २०० मिलिसेकंदांवर होतं आणि 'नळ' हा शब्दच 'नल' असा ऐकू येत होता. बिचाऱ्याला स्वतःचं नाव घेता येईना. 'ळ' म्हणताना जीभ टाळूला एक झटका देऊन सुटते; तोट्या सावकाश मिटत असतील तर तो झटका त्यांच्यात बुडून जातो. रिलीज ४० मिलिसेकंदांवर आणला आणि 'ळ' परत आला. अटॅक, म्हणजे तोटी उघडायला लागणारा वेळ, तर पाच मिलिसेकंदांच्या आतच ठेवा. गाण्यात मागे लांबलचक 'ऊ-आ' हवे असतील तर रिलीज खुशाल वाढवा, तिथे शब्दांची कुणाला घाई नसते.

'अनव्हॉइस्ड' किंवा 'नॉइज' नावाचं बटण दिसलं तर ते डडलींच्या सळसळणाऱ्या उगमाचं आजचं रूप. 'ठ' ऐकू येईपर्यंत वाढवा, पावसाची सर आल्यासारखं वाटायला लागलं की थोडं मागे या. फॉर्मंटचं बटण वर नेलं की बाळ बोलतं, खाली नेलं की राक्षस.

सातवी पायरी: उरलेली हवा चोरून आणा

एवढं करूनही 'आठवतंय' अधूनमधून आटतच होतं. त्यावरचा उपाय मला सगळ्यात कामाचा वाटतो. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर घ्या, व्होकोडर न लावता. इक्वलायझरने ४५०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. आता त्यात फक्त च, स, ठ यांच्या फुंकरी उरतात. ऐकलंत तर कुणी तरी कानाशी कुजबुजतंय असं वाटेल, माणूस कोण ते ओळखू येणार नाही. ही कुजबुज व्होकोडरच्या खाली अगदी हळू मिसळा. ती वेगळी ऐकू आली तर जास्त झाली. बंद केल्यावर शब्द पुसट झाले तर बरोबर आहे. दोन्ही ट्रॅक वेळेत जुळलेत ना तेवढं बघा, व्होकोडरमुळे काही मिलिसेकंद मागेपुढे झालं तर प्रत्येक 'च' दोनदा फुटतो.

कळतंय की नाही, हे मात्र स्वतःच्या कानांनी ठरवू नका. वाक्य आपल्याला पाठ असतं, आपल्याला ते भिंतीतूनही ऐकू येतं. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला एकदाच ऐकवा आणि त्याने काय ऐकलं ते म्हणायला लावा. चुकलेला शब्द सापडला की परत पहिल्या पायरीवर जा. बहुतेक वेळा बटण नाही, उच्चारच चुकलेला असतो.

मंडपात

मंडपातले भोंगे खालचा आवाज देत नाहीत आणि मधला फेकून मारतात. १५० हर्ट्झच्या खालचं कापून, मोनो करून फाइल द्या. रिव्हर्ब अगदी नावापुरता. पत्र्याच्या मंडपात तो आयताच मिळतो. आणि एकदा तरी त्याच स्पीकरवर, त्याच जागी लावून बघा. हेडफोनवर मी ठेवलेली कुजबुज तिथे पोचतच नव्हती, ती जवळजवळ दुप्पट करावी लागली.

चाचणीला काका आले होते. पूर्ण ऐकून म्हणाले, "नळ झाला. पण आपल्या नळाला एवढं पाणी कधी होतं रे?"

मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, "काका, उद्या परत ऐका." रात्री बसून शेवटच्या वाक्यावर ऑटोमेशन टाकलं, म्हणजे बटणं आपोआप फिरतील असं केलं. पेटीचा कॅरियर त्या वाक्यभर हळूहळू शून्यावर उतरवला आणि त्याच वेळी नॉइज वर चढवला. शब्द तेच राहतात, तोट्याही तशाच उघडझाप होतात, पण सूर ओसरत जातो आणि शेवटच्या दोन शब्दांत नुसती हवा उरते, साडेचारला पाणी गेल्यावर तोटी फुसफुसायची तशी.